राग योग्य पत्त्यावर जायला हवा

वाचकाचे पत्र : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. यजमान ६२ वर्षांचे आहेत, मी ६० वर्षांची. त्यांची नोकरी गेल्यापासून ते घरूनच हिशेब लिहिण्याची कामे घेतात आणि आमचे दोघांचे मिळून वर्षाचे उत्पन्न ८९ हजार डॉलरच्या आसपास आहे. आरोग्य विमा आम्ही राज्याच्या सरकारी संकेतस्थळावरून घेतो. २०२५ मध्ये महिन्याला ६३० डॉलर भरत होतो. तीच पॉलिसी २०२६ साठी, राज्याची थोडी मदत धरूनही, २,३५० डॉलरला पडते आहे. त्यातच नोव्हेंबरमध्ये यजमानांच्या खांद्याचा एमआरआय कंपनीने ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाही’ असे कळवून नाकारला. यजमान म्हणतात, अमेरिकी काँग्रेस विमा कंपन्यांच्या खिशात आहे. मुलगा म्हणतो, ओबामांच्या कायद्यामुळेच या कंपन्या गब्बर झाल्या. साताऱ्याचा भाऊ म्हणतो, तिथला विमा सोडून द्या, इथली पॉलिसी काढा आणि उपचाराला इकडे या. ६५ व्या वर्षी मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळेपर्यंत विम्याशिवाय दिवस काढावेत का? आणि आम्ही रागवायचे तरी कोणावर?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

६३० वरून एकदम २,३५० हा आकडा पाहून पोटात गोळा आला नसता तरच नवल. ‘नकोच तो विमा’ असे तुमच्या मनात आले, यात तुमचे काही चुकले नाही. मात्र तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या आधी सोडवून घ्यायला हव्यात. वाढलेल्या हप्त्याचे मुख्य कारण वॉशिंग्टनमध्ये घडले आहे, तर एमआरआय नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीचा आहे. हप्त्याचा राग कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या मुलीवर काढून काही उपयोग नाही, आणि एमआरआयसाठी सिनेटमध्ये काय होते याची वाट पाहत बसलात तर अपिलाची मुदत निघून जाईल.

यजमान आणि मुलगा दोघेही अर्धे बरोबर आहेत. हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१६ जून २००९ रोजी प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीपुढे सुनावणी झाली. मिशिगनचे बार्ट स्टुपाक अध्यक्षस्थानी होते. टेक्सासमधील एका निवृत्त परिचारिकेने तिथे साक्ष दिली. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता, शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती, आणि ती काही दिवसांवर आली असताना कंपनीने त्यांची पॉलिसीच रद्द केली. कारण काय, तर त्या पूर्वी मुरमांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्या होत्या आणि त्या भेटीच्या नोंदीचा कंपनीने भलताच अर्थ लावला. तीन मोठ्या कंपन्यांनी पाच वर्षांत अशा सुमारे २० हजार पॉलिसी रद्द केल्या आणि त्यातून ३० कोटी डॉलर वाचवले, असे समितीच्या चौकशीत निघाले होते. स्टुपाक यांनी तिन्ही कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना एकच प्रश्न विचारला : ग्राहकाने जाणूनबुजून फसवणूक केली असेल तरच पॉलिसी रद्द करू, एवढे तरी मान्य कराल का? तिघांनीही नकार दिला. तो नकार शपथेवर, कॅमेऱ्यांसमोर आणि त्या परिचारिकेच्या साक्षीनंतर दिला गेला. काँग्रेसमधील पुष्कळ सदस्यांचा उरलासुरला संकोच त्या दिवशी गेला असावा, असे मला वाटते.

आता दुसरी बाजू. याच उद्योगाच्या संघटनेने, ‘अमेरिकाज हेल्थ इन्शुरन्स प्लॅन्स’ने, त्याआधी सातच महिने, नोव्हेंबर २००८ मध्ये, जाहीर केले होते की आजारी माणसालाही पॉलिसी द्यायला आम्ही तयार आहोत, फक्त प्रत्येकाला विमा घेणे कायद्याने बंधनकारक करा. ही मागणी निव्वळ लोभातून आलेली नव्हती. तिचे कारण तुमच्याच राज्याने आधी अनुभवले होते. न्यू जर्सीने १९९२ मध्ये कायदा करून वैयक्तिक पॉलिसी कोणालाही नाकारता येणार नाही असे ठरवले, पण विमा घेण्याचे बंधन कोणावर घातले नाही. मग तरुण आणि धडधाकट माणसे आजारी पडेपर्यंत थांबू लागली, विम्यात मुख्यतः आजारी माणसे उरली, हप्ते वाढत गेले आणि विमा घेणारे कमी होत गेले. ओबामांचा २०१० चा कायदा उभा आहे तो या अनुभवातून झालेल्या देवाणघेवाणीवर. कंपन्यांनी सर्वांना दार उघडायचे, सरकारने सर्वांना त्या दारातून आत आणायचे, आणि ज्यांना हप्ता झेपत नाही त्यांच्या वतीने काही रक्कम सरकारने भरायची.

म्हणजे कायदा कंपन्यांच्या विरोधात झाला आणि कंपन्यांशी सौदा करूनही झाला. हे ऐकायला विचित्र वाटते खरे, पण पुढची सगळी भांडणे या सौद्याच्या अटींवरूनच झाली आहेत. सिनेटच्या वित्त समितीने विमा न घेणाऱ्यांवरचा दंड सौम्य केला, तेव्हा कंपन्यांना वाटले की आपल्याकडून दार उघडून घेतले आणि माणसे आत आणायचे वचन मात्र ढिले केले. समितीचे मतदान १३ ऑक्टोबर २००९ रोजी व्हायचे होते. त्याच्या तोंडावर संघटनेने एका लेखापरीक्षण संस्थेकडून करून घेतलेला अहवाल प्रसिद्ध केला आणि या कायद्याने हप्ते भडकतील असा इशारा दिला. अहवालात विधेयकातील मोजक्याच तरतुदींचा हिशेब धरला होता, हे त्या संस्थेला नंतर सांगावे लागले. पुढे असेही उघड झाले की संघटना चर्चेच्या टेबलावर बसलेली असताना तिने त्याच वर्षी कायद्याविरुद्धच्या प्रचारासाठी ‘यूएस चेंबर ऑफ कॉमर्स’ला ८ कोटी ६० लाख डॉलर दिले होते. एका हाताने हस्तांदोलन आणि दुसऱ्या हाताने विरोधकांना पैसे, या वागण्याबद्दल माझा राग आजही गेलेला नाही, आणि यजमान कंपन्यांविषयी कडवटपणे बोलतात तेव्हा त्यांच्याजवळ कारण आहे हे मला मान्य आहे.

२३ मार्च २०१० रोजी कायद्यावर सही झाली. जुन्या आजारामुळे पॉलिसी नाकारणे बंद झाले आणि फसवणूक नसताना पॉलिसी रद्द करण्यास मनाई झाली. कंपन्यांनी हप्त्याच्या प्रत्येक डॉलरमधले किमान ८० सेंट, मोठ्या गटांच्या विम्यात ८५ सेंट, उपचारांवर खर्च करायचे, कमी खर्च केले तर फरक ग्राहकांना परत करायचा, असा नियम आला. त्यानुसार २०१२ मध्ये पहिल्यांदा परतावे दिले गेले ते एक अब्ज डॉलरहून अधिक होते. तुमच्या मुलाचा आक्षेप इथे लागू पडतो. खर्चाचे प्रमाण बांधून दिले, पण खर्च किती वाढावा यावर मर्यादा नाही. एकूण रक्कम मोठी झाली की तिचा पाचवा हिस्साही मोठा होतो. शिवाय दवाखाने आणि औषधांचे व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थाच विकत घेतल्या की नफा एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवता येतो. मुलाच्या टीकेत तथ्य आहे. मात्र त्यावरून हा कायदा नसता तर बरे झाले असते असा निष्कर्ष तो काढत असेल, तर त्याला स्वतःच्या आईवडिलांच्या वयांची आठवण करून द्या. या कायद्यानुसार वयस्क ग्राहकाला तरुणाच्या तिपटीपेक्षा जास्त हप्ता लावता येत नाही. हा कायदा मोडीत काढण्यासाठी २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केलेल्या विधेयकात ही मर्यादा पाचपट करायची होती.

ते विधेयक पुढे अडले. सिनेटमधला मतदानापर्यंत गेलेला शेवटचा प्रयत्न २८ जुलै २०१७ च्या पहाटे रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन यांच्या मताने ४९ विरुद्ध ५१ असा कोसळला. त्या उन्हाळ्यात विमा कंपन्या कोठे होत्या, हे पाहण्यासारखे आहे. कायद्याच्या अटी न पाळणाऱ्या स्वस्त पॉलिसी विकू द्याव्यात अशी सिनेटर टेड क्रूझ यांची दुरुस्ती आली, तेव्हा संपूर्ण उद्योगाने पत्र लिहून ती अमलात आणण्याजोगीच नाही असे सिनेटला कळवले. आठ वर्षांपूर्वी याच कायद्याच्या विरोधात पैसा ओतणारे लोक आता त्याच्या बाजूने उभे होते, कारण एव्हाना त्यांचा धंदा त्यावर उभा राहिला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ट्रम्प प्रशासनाने कमी उत्पन्नाच्या ग्राहकांच्या उपचारखर्चापोटी कंपन्यांना मिळणारी भरपाई थांबवली. कंपन्यांनी तो बोजा ‘सिल्व्हर’, म्हणजे मधल्या दर्जाच्या, पॉलिसींच्या हप्त्यांवर टाकला. या भांडणात सरकारने एखादी रक्कम रोखली की ती शेवटी कोणाच्या तरी हप्त्यात जाऊन बसते, आणि यंदा ती तुमच्या हप्त्यात येऊन बसली आहे.

ते कसे घडले? मूळ कायद्यात सरकारी मदत दारिद्र्यरेषेच्या चौपट उत्पन्नापर्यंतच होती. २०२१ मध्ये काँग्रेसने ही मर्यादा तात्पुरती काढली आणि ठरवले की आधारभूत सिल्व्हर पॉलिसीसाठी (मदतीचा हिशेब जिच्यावरून होतो ती) कोणालाही उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक भरावे लागू नये. तुमच्या ८९ हजारांचे साडेआठ टक्के बारा महिन्यांत विभागले की ६३० येतात. २०२२ मध्ये त्या सवलतीची मुदत २०२५ अखेरपर्यंत वाढवली गेली. ती पुढे चालू ठेवावी यासाठी डेमोक्रॅट अडून बसले आणि १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस सरकारी कामकाज बंद राहिले. विमा कंपन्या या वेळी सवलत वाढवा म्हणून काँग्रेसची मनधरणी करत होत्या. राष्ट्राध्यक्ष म्हणत होते की हा पैसा कंपन्यांना न देता थेट लोकांना द्यावा. डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये मतदान झाले, पण आवश्यक ६० मते मिळाली नाहीत, सवलत वर्षअखेर संपली आणि चौपटीची जुनी मर्यादा परत आली. कंपन्यांचा वाटाही यात आहे : सवलत गेली की धडधाकट ग्राहक सोडून जातील, हे गृहीत धरून त्यांनी २०२५ च्या उन्हाळ्यातच दर चढवून मागितले होते.

आता तुमच्या कामाचे. दोन माणसांच्या कुटुंबासाठी २०२६ ची चौपटीची रेषा ८४,६०० डॉलर आहे. तुम्ही तिच्या जेमतेम साडेचार हजार वर आहात, आणि तेवढ्यामुळे केंद्राची मदत शून्य झाली आहे. इथे धरायचे उत्पन्न करातल्या काही वजावटींनंतरचे असते. यजमान आता स्वतःचा व्यवसाय करतात, म्हणून त्यांनी पारंपरिक आयआरए (वैयक्तिक निवृत्ती खाते) किंवा स्वयंरोजगारवाल्यांच्या निवृत्ती खात्यात पाच हजार डॉलर टाकले, तर तुमचे हिशेबातले उत्पन्न ८४ हजारांवर येऊ शकते. त्या उत्पन्नाला आधारभूत पॉलिसीचा हप्ता ९.९६ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे महिना ७०० डॉलरच्या आसपास. पाच हजार स्वतःच्याच म्हातारपणासाठी बाजूला ठेवायचे आणि वर्षाचा वीस हजारांच्या घरातला खर्च वाचवायचा, असे हे गणित आहे. तुम्ही कमी हप्त्याची ‘ब्रॉन्झ’ पॉलिसी घेतलीत तर २०२६ पासून तिच्यासोबत आरोग्य बचत खातेही उघडता येते आणि त्यातली रक्कमही वजा होते. मात्र त्या पॉलिसीत डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, मोठे असते आणि खांद्याचे दुखणे समोर असताना ते परवडेल का, हे आधी मांडून पाहा.

यात एक धोका आहे आणि तो मी मोठ्या अक्षरांत लिहिला असता. २०२६ च्या करवर्षापासून, उत्पन्नाचा अंदाज चुकून ते रेषेच्या वर गेले तर वर्षभर घेतलेली सगळी मदत परत करावी लागते. पूर्वी परतफेडीला काही उत्पन्नगटांपुरती जी मर्यादा होती, ती काढून टाकली गेली आहे. म्हणून रेषेला घासून जाऊ नका, हजार-दोन हजारांचे अंतर ठेवा, सप्टेंबरनंतर दर महिन्याला यजमानांच्या कमाईची बेरीज करा आणि हे सगळे करण्याआधी एकदा करसल्लागाराला दाखवा. आयआरएमध्ये पुढच्या एप्रिलमधल्या कर भरण्याच्या तारखेपर्यंत पैसे टाकता येतात, त्यामुळे वर्ष संपल्यावरही थोडी दुरुस्ती करायला वाव राहतो. न्यू जर्सीत २०२६ ची पॉलिसी निवडण्याची मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंतची. जानेवारीत निवडली की विमा १ फेब्रुवारीपासून लागू होतो.

विम्याशिवाय राहण्याचा विचार मात्र सोडून द्या. न्यू जर्सीने केंद्राचा दंड शून्य झाल्यावर २०१९ पासून स्वतःचा दंड लागू केला आहे, तो राज्याच्या कर विवरणपत्रात भरावा लागेल. पण मला चिंता दंडाची नाही. बासष्टाव्या वर्षी एक छातीतली कळ, रुग्णालयातल्या तीन रात्री, आणि तुमचे एडिसनचे घर पणाला लागते. फोनवरून अर्ध्या किमतीत विकल्या जाणाऱ्या योजनाही टाळा. त्यांतल्या अनेक विमा नसतातच आणि जुन्या आजाराचा खर्च देण्याचे बंधन त्यांच्यावर नसते.

साताऱ्याच्या भावाची माया मला कळते. भारतातील नियमही सुधारले आहेत. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये ६५ वर्षांच्या प्रवेशमर्यादेची अट काढली आणि वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. पण तिथली पॉलिसी साधारणपणे तिथल्या उपचारांचेच पैसे देते, जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, आणि मध्यरात्री दुखू लागले तर नेवार्कहून मुंबईचे विमान हा काही उपाय नव्हे. पुढे कायमचे परतायचे असेल तर अशी पॉलिसी आतापासून घेण्यात शहाणपण आहे. इथल्या विम्याला ती पर्याय होऊ शकत नाही.

आता एमआरआय. इथे तुमच्या हातात काँग्रेसने दिलेले खरे हत्यार आहे आणि ते फार थोडे लोक उचलतात. सरकारी संकेतस्थळांवरून घेतलेल्या पॉलिसींत नाकारलेल्या क्लेमपैकी एक टक्क्याहूनही कमी प्रकरणांत अपील होते. कंपन्यांनाही हे ठाऊक असते. काही वर्षांपूर्वी एका विमा कंपनीने माझ्या मुलीची फिजिओथेरपीची बिले परत केली होती. नकाराच्या पत्राची पहिली दोन पाने संकेतांकांनी भरलेली होती आणि अपिलाचा हक्क तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात होता. मी कंपनीकडे निर्णयाचे निकष आणि आमची संपूर्ण फाइल मागितली. ती विनामूल्य द्यावीच लागते. फाइल आली तेव्हा कळले की डॉक्टरांच्या कार्यालयाने आठ आठवड्यांच्या नोंदींऐवजी फक्त शेवटच्या भेटीचा एक कागद फॅक्स केला होता. बाकीचे कागद जोडून अपील केले आणि पैसे मंजूर झाले. ते फॅक्सचे फिकट पान मी अजून ठेवले आहे.

खांद्याच्या एमआरआयला बहुतेक वेळा कंपन्या आधी काही आठवडे औषधे आणि व्यायाम करून पाहिल्याचा पुरावा मागतात. यजमानांनी ते केले असेल तर त्याच्या तारखा आणि नोंदी पत्रासोबत गेल्या होत्या का, हे डॉक्टरांच्या कार्यालयात विचारा, आणि डॉक्टरांना कंपनीच्या डॉक्टरशी थेट फोनवर बोलण्याची विनंती करा. पुष्कळदा प्रकरण तिथेच मिटते. नाही मिटले तर नकार कळल्यापासून १८० दिवसांत लेखी अपील करता येते. हात वर होत नसेल, झोप लागत नसेल, तर ते अपिलात साध्या शब्दांत लिहा. डॉक्टरांनी प्रकरण तातडीचे असल्याचे सांगितले तर कंपनीला ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो. तरीही नकारच आला तर चार महिन्यांच्या आत राज्याच्या बँकिंग व विमा खात्यामार्फत बाहेरच्या स्वतंत्र वैद्यकीय तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागा. त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. २००९ च्या त्या सुनावणीतल्या परिचारिकेला त्यांच्या खासदाराच्या दारात जावे लागले होते, कारण तेव्हा असा हक्क देशभर सर्वांना नव्हता.

हप्त्याच्या तक्रारीसाठी मात्र प्रतिनिधीचेच दार. एडिसनचे प्रतिनिधी फ्रँक पॅलोन २००९ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष होते, म्हणजे हा कायदा घडवणाऱ्यांपैकी ते एक आहेत आणि त्यांचे मत तुमच्या बाजूचेच आहे. तरीही त्यांच्या कार्यालयाला पत्र लिहा, कारण सभागृहात बोलताना त्यांना लागतात ते तुमच्यासारख्यांचे आकडे : ६०, ६२, ८९ हजार, ६३०, २,३५०. तुमच्या दोन्ही सिनेटरांनाही तेच पत्र पाठवा. आणि जिथे मत बदलण्याची शक्यता आहे अशा मतदारसंघात तुमचे कोणी आप्त राहत असतील, टेक्सासमध्ये, नॉर्थ कॅरोलायनात, ओहायोत, तर त्यांना त्यांच्या प्रतिनिधीला फोन करायला सांगा. नागरिक नसलेले, ग्रीन कार्डवर असलेले रहिवासीही तो करू शकतात. तिथला एक फोन इथल्या दहा फोनांपेक्षा मोलाचा आहे.

या आठवड्यात मात्र आधी नकाराच्या पत्रावरची तारीख पाहून घ्या आणि करसल्लागाराची वेळ ठरवा. पत्राचे पाकीटही टाकू नका; पत्र कधी निघाले याचा वाद झाला, तर टपालाचा शिक्का कामाला येतो.